निपाणी ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचे तास

सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी लंडनला येऊन पुढे येथेच स्थिरावण्याचा आपला विचार आहे, आणि निपाणीहून हवाई अंतर किती, तास किती लागतात व मुंबईमार्गे यावे की बेंगळूरमार्गे, असे आपण विचारले आहे. मी मूळचा खानापूरचा असून बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, तर बेंगळूर ते लंडन सुमारे 8,000 किलोमीटर आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूरला जाणे म्हणजे लंडनकडे पाठ करून साडेचारशे किलोमीटर आग्नेयेला जाणे होय. मुंबई मात्र उत्तरेला, सुमारे 400 किलोमीटरवर, जवळपास वाटेतच आहे. त्यामुळे तिकिटात फार फरक नसेल, तर मुंबईच बरी.

विमान ताशी 900 किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे आठ तासांत पोहोचू, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो खरा ठरत नाही. विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. म्हणून मुंबईहून लंडनला येताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, तर परतीला नऊच्या आसपास पुरतात. शिवाय एखाद्या अशांत प्रदेशावरील आकाश बंद झाले की वळसा पडतो, आणि हिथ्रोवर गर्दी असली की उतरण्यापूर्वी विमानाला घिरट्या घालाव्या लागतात.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात, हे घरच्या मंडळींनाही आवर्जून सांगावे. सप्टेंबरमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच तास. मुंबईहून दुपारी दोनला निघून दहा तास उडालात, तर येथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, पण निपाणीत मध्यरात्र झालेली असेल.

दुबईमार्गे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते. वेळ जातो तो तेथील थांब्यात. तो तीन तासांच्या आसपास असल्यास हा मार्ग वाईट नाही, दहा तासांचा असल्यास केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये.

खरा काळजीचा टप्पा मुंबईपर्यंतचा आहे. आपल्याला सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचा विमानतळ जवळ पडेल, परंतु सप्टेंबरमध्ये पाऊस पुरता ओसरलेला नसतो आणि ढग खाली उतरले की लहान विमानतळांवरील उड्डाणे लांबतात. देशांतर्गत आणि परदेशी प्रवासाची तिकिटे वेगवेगळी काढलीत, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शिवाय देशांतर्गत तिकिटावर सामानाची मर्यादा बहुधा 15 किलोच असते, आणि घर हलवून येणाऱ्याला ती मुळीच पुरत नाही. म्हणून संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे. तसे मिळाले नाही, तर आदल्या रात्रीच्या बसने मुंबईला यावे. रस्ता चारशे किलोमीटरहून अधिक आहे आणि घाटात खोळंबा होऊ शकतो, म्हणून विमान सकाळचे न घेता दुपारचे किंवा रात्रीचे घ्यावे. विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आणि हिथ्रोवर बाहेर पडायला लागणारा वेळ धरता, निपाणीच्या उंबरठ्यापासून लंडनच्या खोलीपर्यंत पूर्ण एक दिवस लागेल, असे धरूनच येथील खोलीची किल्ली घेण्याची वेळ ठरवावी.