माटवीला हूक कुठे आहेत?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कुडाळच्या घराचे नकाशे मिळाले. दोन दिवस टेबलावर पसरून ठेवले होते, येता-जाता पाहत होतो. प्लॅन नेटका आहे. स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत थेट दार काढलंस ते मला फार आवडलं. सजावटीच्या पानापाशी मात्र अडलो. वर लिहिलंयस 'कोकणी थीम', आणि खाली काय, तर दिवाणखान्याच्या भिंतीवर वारली चित्रं, जिन्यापाशी पुणेरी वाड्याची महिरप, कोपऱ्यात पितळी घंगाळं, वर जिप्समचं पांढरं सीलिंग आणि बाहेर उघड्या जांभ्यावर चकचकीत पॉलिश.

रागावलो नाही. फक्त एक विचारतो: यात माटवीला हूक कुठे आहेत?

मालक मुंबईत राहतात, असं तू कळवलंयस. म्हणजे हे घर खऱ्या अर्थाने उघडणार गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्यातही गणपती आधी. तू अजून सिंधुदुर्गातली चतुर्थी घरात राहून पाहिलेली नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो. गणपती बसतो त्याच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगलेली असते, ती माटवी. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. चतुर्थीच्या आधी घरातली माणसं रानात जातात आणि हातभर सामान घेऊन येतात: केशरी कवंडळं, हरणाची पिवळी फुलं, तेरडा, आंब्याचे टाळे. परसातून येतात असोले नारळ, सुपारीची शिपटी, वेलावरचं तवसं. मग कोणीतरी स्टुलावर उभं राहतं, खालून बाकीचे एकेक वस्तू वर देतात आणि केवणी या रानझुडपाच्या सालीने ती चौकटीला बांधली जाते. रिकामी चौकट एका हाताने उचलता येते. बांधून झाली की दोघांना ती हलत नाही, नुसत्या नारळांचंच वजन बघ. जुन्या घरात हा भार सरळ वाशांवर किंवा तुळईवर जातो. तुझ्या जिप्समच्या पत्र्याला तो पेलायचा नाही. मालक पहिल्याच वर्षी गवंडी बोलावून सीलिंगला भोकं पाडून घेतील.

मागची भिंतही बघ. गणपतीच्या पाठीमागची भिंत आपल्याकडे दर वर्षी नव्याने रंगवायची पद्धत आहे. आधी चुना, मग त्यावर चित्र. कोणाकडे गावातला चित्रकार येतो, कोणाकडे शाळकरी नातू हात धुऊन घेतो. अलीकडे छापील पडदे लावतात, तरी अजून कितीतरी घरांत ब्रश फिरतो. तू नेमकी तीच भिंत कायमच्या टेक्श्चर पेंटने भरून टाकली आहेस.

मला तुला एवढंच सांगायचं आहे की इथली सजावट बाजारातून आणून लावायची वस्तू नाही. ती ऋतूबरोबर येते आणि ऋतूबरोबर उतरते. आपण तिच्यासाठी जागा ठेवायची असते.

वर्षाचा फेरा डोळ्यांसमोर आण. वैशाखात घर शाकारायचं, म्हणजे फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची, पानगळीचा कचरा काढायचा. मिरगाच्या आधी पडवीला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे, नाहीतर झड थेट ओटीपर्यंत येते. गणपतीत माटवी आणि रंगवलेली भिंत. पाऊस सरला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, खणून, चोपून, सारवून नवं करायचं, त्यावर पोफळीचे खांब रोवून झावळ्यांचा मांडव घालायचा. हिवाळा-उन्हाळा त्या मांडवातच घर पसरतं: सुपारी वाळते, भाताचे भारे येतात, लग्नं लागतात. आणि पुढच्या पावसाआधी तो मांडव उतरवायचा. म्हणजे घराच्या दर्शनी भागाचं रूप वर्षातून दोन-तीनदा बदलतं आणि ते बदलणारी माणसं घरातलीच असतात. तुझ्या नकाशात खळ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक आणि मधोमध कारंजं आहे. तिथे खांब रोवायला माती कुठे उरली? कारंजं काढ, ही माझी विनंती समज.

हे सगळं असं का झालं? पावसामुळे. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतरतं छप्पर, पुढे आलेली वळचण, उंच जोतं, बुटक्या भिंती, सगळं त्याच्याशी बोलून ठरलेलं आहे. लोकांना परंपरा वाटते ती कौलंसुद्धा तशी अलीकडची. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी इथे गवताची, झावळ्यांची छपरं होती आणि कुंभाराची नळ्याची कौलं होती. पण मंगलोरी कौल पावसात नीट टिकतं आणि त्याची खाच रिपेवर पक्की बसते, हे कळल्यावर कोकणाने ते आपलंसं केलं. म्हणून नव्या वस्तूला घाबरू नकोस. ती पावसात टिकते का, एवढं आधी पाहा.

सोलापूर, धाराशिवकडे पावसाचा आकडा ६०० मिलिमीटरच्या आत-बाहेर येतो, तेव्हा घरही पार बदलतं. तिथे माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांचं किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात रात्री माळवदावर झोपायचं, दिवसा तिथेच कुरडया आणि सांडगे वाळत घालायचे. ते माळवद कुडाळात एक पावसाळा काढणार नाही.

पण जुनं ते सगळं शहाणं, असा अर्थ माझ्या लिहिण्यातून काढू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा याच जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी माणसं गाडली. जवळजवळ दहा हजार गेली. भिंती दोन पदरी, मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हलल्या तशा फुगल्या आणि वरचा मातीचा थर खाली आला. उन्हाशी त्या घरांचं पक्कं जमलं होतं, जमिनीशी जमलं नव्हतं. आपला भागही या बाबतीत निर्धास्त नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का कोकणात खूप लोकांना आठवतो. तुझ्या सेक्शनमध्ये जांभ्याच्या भिंतींना जोत्याशी आणि लिंटेलला काँक्रीटचा पट्टा दिसत नाही. तो आधी घाल, बाकी नंतर बोलू.

वारलीबद्दल. ते चित्र मलाही मनापासून आवडतं, म्हणूनच लिहितो. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरात ते लग्नाच्या वेळी निघतं. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणींच्या हातून. मधल्या चौकात पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी हीच रेषा कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्राला त्याचं घर, त्याचा प्रसंग आहे. कुडाळला मात्र पिंगुळी अगदी शेजारी आहे, तिथल्या ठाकर समाजाची, चित्रं दाखवत कथा सांगायची चित्रकथी आहे. सावंतवाडीची लाकडी रंगकामाची आणि गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, परंपरा तासाभराच्या आत आहे. मालकांना भिंतीवर काही कायमचं हवंच असेल, तर त्या कारागिरांकडे जा, त्यांच्याबरोबर बस, दर विचार आणि तो मोडून पाडू नकोस.

आता जांभ्याच्या पॉलिशचं. इथे मी स्वतः चुकलो आहे. तुझ्याएवढा होतो तेव्हा गुहागरकडे एक घर केलं. नुकता खाणीतून काढलेला जांभ्याचा चिरा मऊ असतो, तो वाळला की कडक होत जातो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण जांभा पाणी पितो आणि ते परत सोडतो, हे अंगी लागलं नव्हतं. मी चिऱ्यांचा लाल रंग खुलावा म्हणून सगळ्या बाहेरच्या भिंतींना चकचकीत कोटिंग दिलं. पहिल्या पावसात सुरेख दिसलं. दुसऱ्या पावसाळ्यात जोत्यापासून वर हातभर पांढरे डाग उठले आणि कोटिंग पापुद्र्यासारखं सुटलं. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती. त्याच घराला मी सपाट स्लॅब दिली होती आणि वळचण जेमतेम वीतभर. चार वर्षांत मालकांनी स्लॅबवर पत्र्याची शेड चढवली. मी जाऊन पाहिलं तेव्हा ते मला एक शब्द बोलले नाहीत, चहा दिला. ती शेड मी कधी विसरलो नाही. कोकणात आज प्रत्येक गावात स्लॅबवर पत्रा दिसतो, तो आम्हा लोकांच्या नकाशांवर मालकांनी केलेली दुरुस्ती आहे.

तर चिरा उघडा ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, पण कोरा ठेव, आणि वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढ. पागोळ्या जिथे पडतील तिथे जांभ्याचीच दगडी पट्टी आणि तिला उतार दे. आतून गिलावा करायचा तर चुन्याचा कर. चांगला चुन्याचा गवंडी शोधायला वेळ लागेल, पण तो शोध.

छपराचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. घर दहा महिने बंद राहणार. शाकारणीला कोण चढणार? वानरं कौलं फोडतात, एक कौल सरकलं की जुलैभर पाणी आत पडत राहतं आणि ते सप्टेंबरात कळतं. लोक पत्र्याकडे वळले ते या अडचणीमुळे, त्यांना नावं ठेवू नकोस. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मंडणगड, दापोलीकडे पत्रे कागदासारखे उडालेले मी पाहिले. मी तुझ्या जागी असतो तर लोखंडी पाइपचा सांगाडा, खाली सीलिंगची सपाट कौलं, वर मंगलोरी, कडेच्या ओळी तारेने बांधलेल्या, असा विचार केला असता. सागवानी वासे आता परवडत नाहीत, त्याचं दुःख करत बसायचं कारण नाही. आणि शेजारच्या कोणाशी तरी वर्षाला एकदा शाकारणीचं ठरवून द्यायला मालकांना सांग. ते काम मजुरीचं आहे, त्याचे पैसे घराच्या खर्चातच धर.

एक गोष्ट बंद घराची. जिप्सम, प्लायवूड, वॉलपेपर यांना वाळवी आणि बुरशी दोन पावसाळ्यांत खाते. कपाटांना मागे पाठ लावू नकोस, भिंतीपासून चार बोटं सोड. माळ्याला वारा खेळेल अशी जाळी ठेव.

नवीन सेक्शन पाठव. त्यात गणपतीच्या जागेवर चार लोखंडी कड्या, छपराच्या पाइपला वेल्ड केलेल्या दाखव आणि त्यांच्यातलं अंतर मालकांच्या गावच्या घरातली जुनी चौकट मोजून घे. ती बहुधा अजून माळ्यावर असेल. यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडे ये, रात्रीची गाडी पकड. आमच्याकडे माटवी दुपारी बांधायला घेतात, तू खालून नारळ वर दे.

तुझा,
सर