भाव कळला, पण माल नेणार कसा?

प्रश्न : गरीब देशांत मोबाईल पोहोचला की लोकांचं उत्पन्न वाढतं, असं वाचलं. नुसत्या फोनने पैसा कसा वाढेल?

उत्तर : नुसत्या फोनने नाहीच वाढत. फोनवर जे कळलं त्यावर तिथल्या तिथे काही करता आलं, तरच वाढतो.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल आला. तिथल्या तारली या माशाच्या बाजारांचा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी बारकाईने अभ्यास केला. आधी होड्या आपल्याच गावच्या किनाऱ्याला लागत. मासळी जास्त आली की उरलेली समुद्रात फेकायची, आणि १५ किलोमीटरवरच्या बाजारात मात्र गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत पोहोचली, तसे मच्छीमार होडीतूनच भाव विचारून किनारा ठरवू लागले. नासाडी जवळजवळ संपली, त्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि तारली ४ टक्के स्वस्त झाली. इथे होडी हेच वाहन होतं, हे विसरू नका.

उलट, महाराष्ट्रात १०० गावांत शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव पाठवून पाहिले, तर त्यांना मिळणाऱ्या भावात म्हणावा असा फरक पडला नाही. टेम्पोचं भाडं परवडत नसेल किंवा आडत्याकडून उचल घेतलेली असेल, तर दुसऱ्या बाजारातला चढा भाव कळूनही माल तिथे जात नाही.

प्रश्न : आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय?

उत्तर : तिचा परिणाम जास्त खोल आहे. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही अशी सेवा सुरू झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६च्या अभ्यासानुसार त्यामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे केनियातली २ टक्के कुटुंबं, दारिद्र्यातून बाहेर आली. स्त्रिया कर्त्या असलेल्या कुटुंबांना फायदा अधिक झाला. आजारपण आलं, पीक बुडालं की शहरातल्या नातेवाइकाकडून लगेच पैसे येतात. त्यामुळे घरखर्चाला कात्री लावावी लागत नाही.

सगळी मदार एजंटवर, म्हणजे रोख भरून घेणाऱ्या आणि काढून देणाऱ्या दुकानदारावर असते. तुम्ही रोख भरलीत की तो आपल्या खात्यातली तेवढीच शिल्लक तुमच्या खात्यात टाकतो, काढताना उलट. शहरात लोक भरतात, म्हणून तिथे एजंटची खात्यातली शिल्लक संपते. गावात लोक काढतात, म्हणून गल्ला रिकामा होतो. मग त्याला दुकान बंद करून बँक गाठावी लागते, आणि बँक लांब असेल तर तेवढा वेळ पैसे फोनमध्ये दिसतात, हातात येत नाहीत. त्यामुळे एखाद्या भागात अशी सेवा नेताना टॉवरइतकीच चौकशी या गोष्टीची करावी : एजंटला रोकड कुठून, किती तासांत मिळणार?