सोलापूरच्या उन्हात घरची बाग जळते आणि पावसाळ्यात नुसते किडे होतात, मग अंगणात सरळ ब्लॉक बसवून टाकावेत का?

अजिबात बसवू नका. आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षं चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. घराच्या मागं-पुढं थोडी मोकळी जागा आहे, त्यात कडीपत्ता, लिंबू, जास्वंद, एक शेवगा आणि कंपाउंडला लागून कडुलिंब. आमचे मोठे भाऊजी, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ, शेती करतात आणि दर उन्हाळ्यात आले की "काय ही माती घेऊन बसलात, ब्लॉक टाका, झाडायला सोपं, गाडी पण आत लागते" हे सुरू. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना बाग बघून कोणालाही तसंच वाटणार. पण तेव्हा कडीपत्ता वरून काडी झालेला असला तरी मुळं जिवंत असतात हो, संध्याकाळी मुळाशी पाणी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढ्यावर निघतो उन्हाळा.

तर एका पावसाळ्यात लिंबावर अळ्या आल्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, तपकिरी-पांढऱ्या, म्हणून पक्षी खात नाहीत, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार होतात आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दोन शिंगं बाहेर काढतात, वास पण येतो. माझी मुलगी रोज शाळेतून आली की दप्तर टाकून पहिली तिथं. एकीनं तर धाग्याचा पट्टा कंबरेला बांधून कोष पण केला होता. मी माहेरी अक्कलकोटला गेले होते तेव्हा भाऊजी आले, सोबत पंप आणि डाळिंबावर मारायचं औषध, सासूबाईंना सांगितलं "सगळं झाड खाऊन टाकतील" आणि लिंबू, जास्वंद, कडीपत्ता सगळ्यावर फवारून मोकळे. ज्या कडीपत्त्याची पानं आम्ही रोज फोडणीत टाकतो त्यावर! मी आले तर खाली अळ्या पडलेल्या, कोष काळा पडलेला, आणि पोरगी माझ्याशी पण बोलेना.

पुढं काय झालं ते ऐका. थोड्याच दिवसांत जास्वंदीवर हा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, शेंडे सगळे चिकट, त्याच्यावर मुंग्या. कारण मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांची पिल्लं त्याच फवाऱ्यात गेली. माव्याची मादी नराशिवाय सरळ पिल्लंच घालते, त्यामुळं तो भराभर वाढतो, ढालकिड्यांना परत जम बसवायला वेळ लागतो. लिंबाला मात्र अळ्यांनी खाल्ल्यावर दरवर्षी नवी पालवी येते, भाऊजींना हे कित्येकदा दाखवलंय.

त्यांचा दुसरा मुद्दा डासांचा. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले. डेंग्यूचा डास तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार. म्हणजे बॅरल आठवड्याला घासून कोरडं करायचं आणि घट्ट झाकायचं, झाडाला शिव्या कशाला?

आणि ब्लॉक टाकले की काय काय जातं ते कोणी सांगत नाही. मृगाचा पहिला दणका झाला की मातीतून लाल मखमली किडे वर येतात, थोडे दिवस दिसतात, अंडी घालून परत मातीत. सिमेंटखालून कुठून येणार ते? चैत्रात कडुलिंबाचा मोहर खाली सांडतो आणि वर मधमाश्यांचा आवाज. सप्टेंबरात आपला खरा पाऊस, तेव्हा शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या असतात, त्यांची नारिंगी फुलपाखरं आमच्याकडं येतात. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या आसपास जास्वंदीवरचा नर शिंजीर पक्षी बघा, पावसाळ्यानंतर मळकट पिवळा झालेला असतो तो परत काळा-निळा चमकायला लागतो. मुलीला महिने असेच पाठ झालेत, कॅलेंडर न बघता सांगते. शिवाय ब्लॉक दिवसभर तापून रात्री घरात उष्णता सोडतात आणि पावसाचं पाणी गटारात जातं, मग बोअर आटला म्हणून ओरडायचं. गाडीच लावायची असेल तर चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा.

हां, काही गोष्टी राहिल्या. कुंडीतलं लिंबाचं रोप अगदी लहान असेल तर अळ्या उचलून कडीपत्त्यावर सोडा, तो पण त्यांना चालतो. शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्यानं बसणाऱ्या केसाळ अळ्यांना हात लावू नका, भयंकर खाज सुटते, त्या काठीनं साबणाच्या पाण्यात पाडा. विटा-लाकडाचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका, विंचू होतात. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा, फारच झालं तर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, फुलांवर नाही. शेतातल्या डाळिंबाची गोष्ट वेगळी आहे, तिथं भाऊजींचं पोट आहे, तिथं त्यांनी काय मारायचं ते मारावं, मी कधी बोलले नाही. पण शेताचं औषध घरच्या झाडांवर कोणालाही मारू देऊ नका, सांगणारं माणूस नात्यानं कितीही मोठं असो.