मांजराच्या पोटाला हात न लावता दिलेले औषध

मांजराच्या दवाखान्यात वारंवार निराशा पदरी पडत असेल तर दोष डॉक्टरांचा मानावा की आपल्याच अपेक्षा अवाजवी आहेत असे समजावे, आणि दवाखाना बदलण्याची वेळ आली हे ओळखावे कसे, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राहते आणि आमच्या घरात पुष्कळ वर्षांपासून मांजरे आहेत, त्यामुळे बरे-वाईट दोन्ही अनुभव गाठीशी आहेत. ताटकळत बसावे लागणे, फी जास्त असणे किंवा डॉक्टरांचा स्वभाव तुसडा असणे या गोष्टी मी सहन करते. मात्र जिथे मांजराला न तपासता औषध दिले जाते, तो दवाखाना त्याच दिवशी सोडावा, असे माझे ठाम मत आहे.

हे मत ज्या प्रसंगातून झाले तो सविस्तर सांगते, कारण नर मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असायला हवा. आमचा तांबू हा नसबंदी झालेला, अंगाने भरलेला बोका. एका संध्याकाळी तो पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला, कुंथू लागला आणि काहीच न करता बाहेर येऊन खालची जागा चाटत राहिला. आम्ही त्याला नेहमीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वीच ‘शी कधी केली?’ असे विचारले आणि मी ‘सकाळपासून नाही’ म्हणताच बद्धकोष्ठतेचे पातळ औषध लिहून दिले. तो सारखा चाटतो आहे आणि हात लावू देत नाही, असे मी दोनदा सांगितले. ‘मांजरे चाटतातच’ एवढेच उत्तर मिळाले. त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढले गेले नाही आणि त्याचे तापमानही पाहिले गेले नाही.

रात्री तो ओकू लागला आणि कोपऱ्यात निपचित पडला, तेव्हा आम्ही रात्री उघडा असलेला दुसरा दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काही विचारण्याआधी त्याच्या पोटाखाली हात घातला, आणि ‘लघवी अडकली आहे, मूत्राशय चेंडूसारखे टणक लागते आहे,’ असे सांगितले. लगेच रक्त तपासले गेले आणि पोटॅशियम वाढलेले निघाले. सलाईन लावून, भूल देऊन, मूत्रमार्गात बारीक नळी म्हणजे कॅथेटर घातल्यावर जी लघवी आली ती लालसर होती आणि तिच्यात रेतीसारखे कण होते. तांबू वाचला. आधीच्या डॉक्टरांनी ज्या तपासणीला अर्धे मिनिटही दिले नाही, तिला यंत्र लागत नाही की जास्तीचा खर्च येत नाही.

नर मांजराचा मूत्रमार्ग लांब असून टोकाकडे फारच अरुंद होतो, त्यामुळे स्फटिक, चिकट स्राव किंवा सूज यांमुळे तो सहज तुंबतो. लघवी बाहेर पडली नाही की युरिया आणि पोटॅशियम रक्तात साठत जातात, पोटॅशियममुळे हृदयाची लय बिघडते, आणि पूर्ण तुंबलेले मांजर एक-दोन दिवसांत दगावू शकते. कुंथणारे मांजर पाहून घरच्यांना शी अडकली असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु डॉक्टरांनी तोच अंदाज खरा धरून चालणे मला क्षम्य वाटत नाही. बोका कुंथतो आहे असे ऐकल्यावर मूत्राशय चाचपणे हे पहिले काम आहे.

असे का घडते, याचाही मी विचार केला आहे. पशुवैद्यकाची पदवी अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांची असते आणि तेवढ्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा, कुत्रा असे सगळेच शिकावे लागते. आपल्याकडे या विद्येची परंपरा जुनी आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झाले. पण तिचा मुख्य भार साहजिकच शेतकऱ्याच्या गोठ्यावर राहिला. शहरातील दवाखान्यांत कुत्रे आले आणि मांजर त्यांच्या मागून आले, म्हणून पुष्कळ ठिकाणी मांजराला अजून लहान आकाराचा कुत्रा समजले जाते. ही समजूत जिवावर बेतते. माणसाला तापात दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार दुबळी असते. कुत्र्यांच्या काही गोचीडनाशक थेंबांत परमेथ्रिन असते, ते मांजराच्या अंगावर टाकले तर त्याला झटके येऊ शकतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या मांजरीला एका दवाखान्यातल्या मदतनिसाने डॉक्टरांना न विचारता असे थेंब लावायला काढले होते. काकूंनी डबीवरील कुत्र्याचे चित्र पाहून त्याचा हात धरला म्हणून ती बचावली.

दुसरी निराशा हाताळणीची. आमची धाकटी मांजरी तपासणीच्या स्टीलच्या टेबलावर उभी राहिली की तिच्या पंजांचे ओले ठसे त्या पत्र्यावर उमटतात, कारण भ्यायलेल्या मांजराच्या तळव्यांना घाम सुटतो. अशा जीवाला दोघांनी मानगुटीला आणि पायांना धरून दाबून ठेवायचे, आणि ते फिस्कारले की ‘हे मांजर चावरे आहे’ असे केसपेपरवर लिहायचे, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या दोन संस्थांनी 2011 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये हाताळणीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, आणि मानगूट पकडणे त्यांना मान्य नाही. टॉवेलमध्ये गुंडाळणे, पिंजऱ्याचा वरचा भाग काढून मांजर खालच्या भागात बसलेले असतानाच तपासणे, फारच घाबरट मांजराला घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने गाबापेन्टिन हे भीती कमी करणारे औषध देणे, हे उपाय ठाण्या-पुण्यातल्या कोणत्याही दवाखान्याला सहज जमण्यासारखे आहेत.

मात्र प्रत्येक निराशा डॉक्टरांच्या माथी मारू नये. आमच्या एका पिल्लाचे पोट पाण्याने फुगत चालले होते, तेव्हा एका डॉक्टरांनी ‘हा एफआयपी असावा असे वाटते, पण मला खात्री नाही, मी तुम्हाला पुढे पाठवतो,’ असे सांगितले. त्या क्षणी फार राग आला होता. आज मला ते उत्तर प्रामाणिक वाटते. एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस; मांजरांच्या एका कोरोना विषाणूपासून होणारा हा आजार तोपर्यंत जवळजवळ हमखास जीवघेणा मानला जात असे. 2019 मध्ये अमेरिकेतील नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-441524 या औषधाची 31 मांजरांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यातील बहुतेक मांजरे वाचली, आणि त्यानंतर चित्र पालटले. अशा आजारात आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगून वेळेवर पुढे पाठवणारा डॉक्टर सोडू नये.

आता दवाखान्याची पारख करण्याविषयी. कागद नीट ठेवले जातात का, हे मी सर्वांत आधी पाहते. औषधाचे नाव आणि मात्रा लिहून न देता कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून देणाऱ्या ठिकाणी मी जात नाही, कारण उद्या दुसऱ्या डॉक्टरांना काय सांगणार, हा प्रश्न उरतो. लसीच्या कार्डावर लसीच्या बाटलीचे लेबल चिकटवलेले असावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ट्रायकॅट या मांजरांच्या तीन रोगांवरील एकत्रित लसीचे डोस द्यायचे असतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. ‘एकदा टोचले, आता वर्षभर बघायला नको,’ असे सांगणाऱ्या ठिकाणी पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाचा धोका तुमच्या पिल्लाच्या वाट्याला येतो.

तांबूच्या बाबतीत आम्ही त्या दवाखान्याला दोन्ही ठिकाणचे कागद जोडून लेखी पत्र दिले. त्यांनी फी परत केली, पण तपासणी का झाली नाही याबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि मला खरी निराशा तिथे वाटली. आपले प्रकरण याहून गंभीर असेल तर पुढचा मार्ग आहे: 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली डॉक्टरांची नोंदणी होते, आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत असते आणि गैरवर्तनाची तक्रार तिथे करता येते. फी देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. दोन्हीकडे केसपेपर, पावत्या आणि अहवाल मागितले जातात, म्हणून ते आजच एका फायलीत लावून ठेवा.

नवा दवाखाना मांजर आजारी पडल्यावर शोधू नका. ते ठणठणीत असताना नुसते वजन करायला घेऊन जा. पिंजरा कुत्र्याच्या नाकापुढे जमिनीवर ठेवायला लावतात की वर ठेवायला जागा देतात, आणि डॉक्टर डोळे, हिरड्या, दात व पोट स्वतः तपासतात का, हे पाहा. निघताना दवाखाना बंद असेल त्या वेळी मांजराला कुठे न्यायचे हे स्पष्ट विचारा, आणि ‘सकाळी या’ याखेरीज उत्तर मिळाले नाही तर रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा क्रमांक मिळवून घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये घालून ठेवा.