तुमचे प्रश्न : ग्रुप चालवणारी पोरं

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. तो गे आहे हे आम्हाला माहीत आहे, आमचं काही म्हणणं नाही. आता तो अशाच मुलांच्या एका ग्रुपचा कोऑर्डिनेटर झालाय, प्राइडची, म्हणजे त्यांच्या अभिमान-मोर्च्याची, जबाबदारी पण घेतलीये. पगार शून्य, फोन मात्र रात्री अकरापर्यंत चालू. पोलिसांची भानगड होईल का, नोकरीवर गदा येईल का, आणि हे लोक नेमकं करतात काय? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, पोलिसांचं आधी सांगते. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं संमतीने असलेलं नातं हा गुन्हा नाही, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा तेवढा भाग गेला. आणि खरं सांगू का, हक्कांसाठी काम करणं हा त्याआधीही गुन्हा नव्हताच. मुंबईत अशोक राव कवी आणि सोबत्यांनी हमसफर ट्रस्ट १९९४ ला सुरू केला, पुढे त्यांना वाकोल्याच्या चक्क महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. पुण्यात बिंदुमाधव खिरेंनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला. तेव्हा ३७७ जसाच्या तसा होता बरं का! पुण्यात पहिली प्राइड २०११ च्या डिसेंबरात निघाली. मोर्च्याला रीतसर परवानगी काढतात, रस्ता ठरलेला असतो, बंदोबस्त असतो, त्यामुळे त्याची काळजी नको.

नोकरीचं मात्र गोड बोलून सांगत नाही. खाजगी कंपनीत असा भेदभाव थेट रोखणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. कंपनीची पॉलिसी काय म्हणते ते त्याने वाचावं, आणि पेपरात फोटो-नाव द्यायचं की नाही ते त्यालाच ठरवू दे. ग्रुप चालवतो म्हणून कॅमेऱ्यासमोर यायलाच पाहिजे असं काही नसतं, पडद्यामागे राहून वर्षानुवर्षं काम करणारी कितीतरी माणसं आहेत.

आता रात्रीचे फोन. कुणाचं घरच्यांनी जबरदस्तीने लग्न ठरवलेलं असतं, कुणाला डेटिंग अ‍ॅपवरून भेटायला बोलवून फोन-पैसे काढून घेतलेले असतात आणि वर 'घरी सांगू' अशी धमकी, कुणाला आईवडील 'बरं करायला' डॉक्टरकडे ओढत नेतायत. मग तुमचा मुलगा वकील शोधतो, पोलिस स्टेशनात सोबत बसतो, डॉक्टरला सांगतो की असले उपचार करणं हे २०२२ पासून नॅशनल मेडिकल कमिशनच्या, म्हणजे डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, लेखी व्यावसायिक गैरवर्तन आहे. एचआयव्हीची टेस्ट करायला घाबरणाऱ्याला हाताला धरून नेतो. प्राइडचा एक दिवस सगळ्यांना दिसतो, हे कुणाला दिसत नाही.

मला पोलिसांपेक्षा भीती वाटते ती तो दमून जाण्याची. त्याला विचारा, फोन आणखी किती जणांत वाटलाय, सुट्टीचा दिवस कोणता, आणि एखादा फोन ऐकून झोप उडाली तर तू कुणाशी बोलतोस? उत्तर 'मीच बघतो सगळं' असं आलं तर कान पकडा. आणि हो, मुंबईत स्वीकार नावाचा पालकांचा ग्रुप आहे, २०१७ पासून. त्यांच्याशी बोलून बघा, बाकीच्या आयांशी बोललात की निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

प्रश्न : आम्ही आठ जण, तालुक्याचं गाव. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटतो. आता संस्था रजिस्टर करावी असं चाललंय, पण निम्म्यांच्या घरी माहीत नाही. वर्गणी एकाच्या जीपेवर जमते. आणि अध्यक्ष कोण यावरून आत्ताच दोघांचं बिनसलंय. – नाव छापू नका

उत्तर : नाही छापत. घाई कशाला करताय पण? नुसतं भेटायला, बोलायला, एकमेकांना मदत करायला रजिस्ट्रेशन लागत नाही. ते लागतं मोठी देणगी, अनुदान, संस्थेच्या नावाचं बँक खातं हवं असेल तेव्हा. सोसायटी म्हणून संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात आणि महाराष्ट्रात पुढे धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करायची, मग दरवर्षी हिशेब, पदाधिकारी बदलले की कळवायचं. मुख्य म्हणजे ती नावं सरकारी दप्तरात जातात, कुणीही जाऊन बघू शकतं. ज्यांच्या घरी माहीत नाही त्यांना त्या कागदावर अजिबात घेऊ नका, भावनेच्या भरात त्यांनीच हात वर केला तरी नको. एखादी बहीण, मित्र, ओळखीचे डॉक्टर, वकील चालतात की विश्वस्त म्हणून. सगळे सभासद समलिंगी असले पाहिजेत असा नियम नाही.

जीपेचं लगेच बंद करा असं नाही म्हणत, पण जमा-खर्च दर महिन्याला ग्रुपवर टाका, वडापावचे ऐंशी रुपये असले तरी. आणि नाव-फोटो बाहेर गेला तर काय करायचं हे आजच ठरवा, भांडण झाल्यावर ठरवायला बसलात तर रागाच्या भरात एखादा स्क्रीनशॉट नको तिथे पोचतो.

अध्यक्षाचं म्हणाल तर एक वर्षाची मुदत ठेवा, वर्ष संपलं की दुसरा. ज्याला ते पटणार नाही त्याला पद देऊच नका.

प्रश्न : मी गे नाही, सीए आहे. अशा ग्रुपला माझा काही उपयोग? – वाचक, नाशिक

उत्तर : अहो, धावत या! भाषण करणारे भरपूर मिळतात, ऑडिट वेळेवर करून देणारा मिळत नाही. जवळच्या ग्रुपला एक मेल टाका, पहिल्या मीटिंगला गप्प बसून ऐका आणि तिथे कोण कोण होतं ते घरी बायकोलाही सांगू नका.