मुलगी ज्युनिअर इयरला आहे, स्कॉलरशिप मिळेल ना?

"ताई, पीएसएटीचा स्कोअर बघता नॅशनल मेरिट काही होणार नाही असं दिसतंय, मग आता स्कॉलरशिप मिळायची कुठून, आम्हाला उशीर झाला का?" साधारण याच शब्दांत हा प्रश्न दर हिवाळ्यात माझ्याकडे येतो, आणि विचारणाऱ्या आईच्या आवाजात एवढी धाकधूक असते की आधी तिला शांत करावं लागतं. (पीएसएटी ही अमेरिकेत अकरावीत देतात ती परीक्षा, तिच्या मार्कांवर नॅशनल मेरिट ही देशपातळीवरची स्कॉलरशिप ठरते.) उशीर झालेला नसतो. फक्त शोध बहुतेक वेळा चुकीच्या जागी चाललेला असतो, आणि तेच सांगण्यासाठी न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाची गोष्ट लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगी अकरावीत, म्हणजे ज्युनिअर इयर, तीन एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, चालू, मार्क चांगले, स्वभावाने शांत. आईने स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर तिचं अकाउंट उघडून दिलेलं आणि पोरगी रोज रात्री होमवर्क झाला की दोन-चार फॉर्म भरायची, त्यातले निम्मे तर 'निबंध लागत नाही, नुसतं नाव टाका' छापाचे, म्हणजे सरळ लॉटरी. एवढे महिने भरून हातात काय आलं तर इनबॉक्समध्ये जाहिरातींचा ढीग. त्यात एका वेबिनारवाल्याने 'स्कॉलरशिपची गॅरंटी' म्हणून दोन हजार डॉलर फी मागितलेली आणि वडील भरायच्या बेतात होते. मी म्हटलं, थांबा, एक पैसा देऊ नका. स्कॉलरशिपची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही आणि खरी स्कॉलरशिप द्यायला कुणी आधी फी घेत नाही, हे फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था, वर्षानुवर्षं सांगतंय.

नॅशनल मेरिटचं दुःखही आधी मापात आणू. न्यू जर्सीचं कटऑफ देशातल्या सगळ्यात वरच्या कटऑफमध्ये असतं, देशभरातून साधारण १६,००० मुलं सेमीफायनलिस्ट होतात आणि नॅशनल मेरिटची जी मूळ स्कॉलरशिप आहे ती एकदाच मिळणारी, २,५०० डॉलरची. काही कॉलेजं फायनलिस्टला मोठं पॅकेज देतात हे खरं, पण ती मोजकी. त्यामुळे ते हुकलं म्हणून सगळं गेलं असं अजिबात नाही.

मोठा पैसा असतो तो कॉलेजांकडेच. ही एवढी एक गोष्ट पालकांच्या डोक्यात बसली ना की ज्युनिअर इयरचं अर्धं टेन्शन जातं असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्या स्कॉलरशिपा हजार, दोन हजार, बऱ्याचदा पहिल्या वर्षापुरत्या, आणि कॉलेज स्वतः देतं ती मेरिट एड, म्हणजे घरची गरज न बघता मार्कांवर दिलेली मदत, बहुतेक ठिकाणी चारही वर्षं, जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, टिकवला की झालं. म्हणजे खरा स्कॉलरशिपचा शोध हा 'कुठल्या कॉलेजांना अप्लाय करायचं' याच प्रश्नात लपलेला आहे आणि तो प्रश्न अकरावीतच सोडवायचा, बारावीच्या ऑक्टोबरमध्ये नाही, तेव्हा निबंध आणि डेडलाइनमध्ये कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

तर पहिल्या मीटिंगला मी आई-वडिलांना दोन वेगळे कागद दिले आणि म्हटलं, दरवर्षी कर्ज न काढता किती देऊ शकता तो आकडा लिहा, एकमेकांना दाखवू नका. वडिलांनी लिहिलं ६०,०००. आईने ३०,०००. मुलगी दोघांच्या मधे बसलेली, तिने दोन्ही कागद बघितले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तर मला म्हणाला होतात पैशाचा विचार करू नकोस." खोलीत कुणीच काही बोलेना. मग आईने हळूहळू सांगितलं, धाकटा सातवीत आहे, गावाकडे सासूबाईंच्या औषधपाण्याला पैसे जातात, घराचा हप्ता आहे. हे सगळं त्या पोरीने पहिल्यांदाच ऐकलं. आणि ती रडली वगैरे नाही, उलट वही उघडून तिने ४०,००० लिहून खाली रेघ मारली, दोघांनी मिळून कबूल केलेला आकडा. आपल्याकडे मुलांना पैशाचं सांगायचं नाही असं असतं, माया असते त्यामागे हे कळतं मला, पण पुढच्या एप्रिलमध्ये ॲडमिशन मिळालेल्या कॉलेजला नाही म्हणायला लावण्यापेक्षा हे आत्ता सांगणं कितीतरी सोपं.

मग लॅपटॉप उघडून नेट प्राइस कॅल्क्युलेटर. २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजला तो आपल्या साइटवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, तरी कित्येक घरांत कुणी उघडूनही बघितलेला नसतो! उत्पन्न, बचत, घरात किती माणसं, असं भरत गेलं की तुमच्या घराला ते कॉलेज अंदाजे केवढ्याला पडेल ते दिसतं. मुलीचं स्वप्नातलं खासगी कॉलेज होतं, वर्षाचा खर्च ९०,००० च्या वर, आणि कॅल्क्युलेटरने मदत दाखवली शून्य. वडील म्हणाले, "पण हिचे मार्क बघून देतील ना काहीतरी?" नाही देणार, ते कॉलेज मेरिट एड देतच नाही. आयव्ही लीगचंही, म्हणजे हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या आठ नामवंत खासगी युनिव्हर्सिट्यांचंही तसंच, तिथे मार्कांवर स्कॉलरशिप नाहीच, फक्त आर्थिक गरजेवर. अर्थात 'आपलं उत्पन्न जास्त आहे, आपल्याला काय मिळणार' असं म्हणून न बघताच सोडू नका, प्रिन्स्टनने २०२५ मध्ये जाहीर केलं की वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्युशन भरावी लागणार नाही. प्रत्येक कॉलेजचा हिशोब वेगळा, म्हणून प्रत्येकाचा कॅल्क्युलेटर भरायचाच.

आता मेरिट एड कोण देतं हे कसं कळणार? कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' असं टाकून सर्च करा, पीडीएफ मिळते, त्यातला एच-टू-ए हा भाग काढा. आर्थिक गरज नसलेल्या किती मुलांना कॉलेजने स्वतःहून पैसे दिले आणि सरासरी किती, ते तिथे लिहिलेलं असतं. मुलीने स्वतः बसून वीसेक कॉलेजांचं टेबल केलं आणि पुढच्या वेळेला आली तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता, म्हणाली मावशी, मला वाटायचं स्कॉलरशिप म्हणजे नशीब, हे तर आधीच लिहून ठेवलंय! अलाबामा युनिव्हर्सिटीसारख्या काही ठिकाणी तर जीपीए आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या मार्कांनुसार किती मिळणार याचा तक्ताच दिलेला असतो. म्हणून मग एसएटी पुन्हा द्यायची की नाही याचं उत्तरही त्या टेबलातूनच निघालं, दोन कॉलेजांत पुढच्या टप्प्याला तिला थोडेच मार्क कमी पडत होते, तेवढ्यासाठी तिने खान अकॅडमीवर फुकट तयारी केली. महागडा क्लास लावला नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी अजून एक, एनजे स्टार्स. वर्गातल्या पहिल्या पंधरा टक्क्यांत असाल तर कम्युनिटी कॉलेजची ट्युशन माफ होते आणि तिथून राज्यातल्या चार वर्षांच्या कॉलेजला जाता येतं. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या मंडळींचं नाक मुरडतं, मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या घरात खरंच ओढाताण आहे तिथे दोन वर्षांचा खर्च वाचणं म्हणजे केवढा मोठा आधार असतो.

फॅफ्साबद्दल, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीसाठी भरायच्या फॉर्मबद्दल थोडक्यात. फॉर्म बारावीत, एरवी १ ऑक्टोबरला उघडतो, पण त्यात उत्पन्न बघतात ते दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्सचं, म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं. त्या वर्षात शेअर विकून मोठा नफा दाखवला तर तो तिथे दिसणारच. ग्रीन कार्ड असेल तर मूल फॅफ्सासाठी पात्र, एच-फोरवर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असेल तर नाही. अशा घरांनी प्रत्येक कॉलेजला आधीच विचारून घ्यावं, कारण कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट एडला व्हिसाची अट असेलच असं नाही. आणि मुलाच्या नावावर फेडरल कर्ज पहिल्या वर्षी फक्त ५,५०० डॉलरचं मिळतं, उरलेलं कर्ज म्हणजे पालकांच्या डोक्यावर, हे 'लोन काढू की' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

अकरावीच्या मे महिन्यात तिला म्हटलं, शिफारसपत्रासाठी शिक्षकांना आत्ताच विचार, सुट्टी लागली की त्यांची यादी भरलेली असते. सोबत द्यायच्या माहितीत तिने क्लबांची नावं लिहिली होती. मी विचारलं, रविवारी काय करतेस? म्हणाली, काही नाही, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते, तीन वर्षं झाली. ते लिहिलंच नव्हतं! कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, एका ॲक्टिव्हिटीच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, तिची सगळ्यात भरीव १५० अक्षरं तीच निघाली, आणि पुढे एका स्कॉलरशिपच्या निबंधाचा विषयही.

बारावीत तिने नऊ कॉलेजांना अप्लाय केलं, सगळी त्या टेबलातली, स्वप्नातलं कॉलेज तिने स्वतःच काढून टाकलं होतं. दोन ठिकाणी नकार, एका ठिकाणी ॲडमिशन पण पैसे नाहीत, आणि तीन ठिकाणी मेरिट एड धरून खर्च चाळीस हजारांच्या आत. त्यातलं एक तिने निवडलं. बाहेरच्या स्कॉलरशिपा तिने शेवटी भरल्याच, पण निवडून, शाळेच्या काउन्सेलरकडची गावातली यादी आणि वडिलांच्या कंपनीची कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीची. दोन मिळाल्या. त्या घ्यायच्या आधी आईला कॉलेजच्या फायनान्शिअल एड ऑफिसला ईमेल टाकायला लावली, की बाहेरून पैसे आले तर तुम्ही दिलेली मदत कमी करता का? काही कॉलेजं करतात, हिच्या कॉलेजने लेखी कळवलं की मेरिट एडला हात लावणार नाही. ते ईमेल आईने प्रिंट काढून फाइलला लावलंय, आणि धाकट्यासाठी दुसरी फाइल आत्ताच केलीय.