ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मोफत साधनांनी मराठी फॉन्ट तयार करता येतो का?

साध्या लॅपटॉपवर, काहीही विकत न घेता, केवळ ब्राउझरमध्ये मराठी फॉन्ट होईल का आणि त्यासाठी कोणते साधन घ्यावे, असे आपण विचारले आहे. फॉन्ट होईल. परंतु याच प्रश्नावरून सोलापुरातल्या एका छापखान्यात माझा मोठा वाद झाला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, ग्राफ काढत असत. ग्राफच्या कागदावर भरलेले घर म्हणजे पंचकार्डावरचे छिद्र, आणि त्या छिद्रामुळे उचलला जाणारा उभा धागा. काठावर एखाद्या संस्थेचे नाव विणायचे असले की वडील घरे मोजून अक्षरे बसवत. शिरोरेषा दोन घरांची, काना तीन घरांचा, आणि ल मात्र पाकळीचाच, कारण दंडाचा ल त्यांना परका वाटे. ते जुने कागद हाती आले तेव्हा मला फॉन्टस्ट्रक्ट या ब्राउझरमधल्या मोफत साधनाची आठवण झाली. २००८ पासून चालू असलेल्या या साधनातही अक्षर चौकटीत ठोकळे भरूनच घडवायचे असते. रोज संध्याकाळी बसून मी स्वर, व्यंजने आणि मात्रा पूर्ण केल्या आणि ‘सोलापूर’ असे टंकले. शब्द चादरीवरच्यासारखाच उमटला. वडिलांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवून पू ची घरे मोजली आणि म्हणाले, “आता सिद्धेश्वर लिही.”

तेथे सगळे बिघडले. द चा पाय मोडलेला आणि ध वेगळा, श चा पाय मोडलेला आणि व वेगळा. “अरे, ग्रामदैवताचं नाव असं फोडून लिहितात का?” एवढेच ते बोलले आणि उठून गेले.

ज्यांच्याकडे मी तेव्हा काम करत होतो त्या छापखान्याच्या मालकांनी लगेच निकाल दिला की, ब्राउझरमधली साधने मुलांच्या खेळासाठी असतात आणि खरा फॉन्ट महागड्या सॉफ्टवेअरमध्येच होतो. ते चूक होते आणि आजही चूक आहेत. ‘सिद्धेश्वर’ फुटले त्याचे कारण चित्र कोठे काढले हे नव्हते. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, देवनागरी कोष्टकात मुळात १२८ जागा आहेत. अर्धा श, रेफ किंवा द्ध यांना तेथे स्वतंत्र जागाच नाही. श, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि व असे क्रमाने आले की कोणते चित्र दाखवायचे, हा नियम फॉन्टमध्येच लिहावा लागतो. मी नियम लिहिलेच नव्हते. उलट त्या मालकांचा अभिमानाचा जुना फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवून केलेला होता, त्यामुळे त्यांनी जुळवलेली आमच्या मंडळाची स्मरणिका आज दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात.

म्हणून साधन निवडण्याआधी आपण जोडाक्षरांची यादी करावी. रेखाटनासाठी ग्लिफर स्टुडिओ चांगला आहे: मोफत, मुक्त स्रोत आणि वक्ररेषांवर चांगला ताबा देणारा. त्यातली जोडाक्षरांची सोय मात्र मला देवनागरीसाठी अपुरी वाटली. ठळक आणि बारीक अशी अनेक वजने एकाच फॉन्टमध्ये हवी असतील तर फॉन्ट्रा पाहावे. त्यामागे युस्ट व्हॅन रॉसम आहेत, पायथन भाषेच्या जनकांचे धाकटे बंधू. तयार फाइल तपासण्यासाठी फॉन्टड्रॉप किंवा वाकामाई फोंड्यू या ब्राउझरमधल्या साधनांत ओढून टाकावी. फाइल आपल्या संगणकाबाहेर जात नाही आणि आत कोणते नियम आहेत ते दिसते. नियम कसे रचतात हे समजण्यासाठी मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट उघडून अभ्यासावेत. मी तसेच शिकलो.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नियमांची फाइल फॉन्टमध्ये घालण्याचे काम मी ब्राउझरबाहेर, फॉन्टफोर्ज या संगणकावर बसवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केले. तोही मोफतच आहे, त्यामुळे महागड्या सॉफ्टवेअरचा मुद्दा यानेही सिद्ध होत नाही. दुसरे असे की, ब्राउझरच्या साठवणीवर विसंबू नये. ती पुसली गेली की काम गेले. प्रकल्पाची फाइल रोज उतरवून ठेवावी. आणि वर्तमानपत्रासाठी मजकुराचा फॉन्ट करायचा असेल तर माझा अनुभव पुरेसा नाही. माझा फॉन्ट मथळ्यांचा आहे.

‘सिद्धेश्वर’ आता एकसंध उमटते. मात्र श्व दोन घरांनी रुंद झाला आहे असे वडिलांनी कालच दाखवून दिले, आणि त्यांनी त्याच शब्दाचा जुना ग्राफ पेटीतून काढून दिला आहे.